पाहुण्यांची ताटे, निशाणी एकतीस

शनिवार, १२ मे १९५१. रक्कम दीड रुपया, म्हणजे स्टँपकागदाची किंमत. हजर माणसे पाच: माझी आत्या, तिचा नवरा, वाडीतले दोन साक्षीदार आणि मी. जागा आत्याच्या घराची ओटी, मालवणपासून चार मैलांवर.

कागद मी लिहिला. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो आणि मालवणच्या बाजारात एका कापडदुकानात दिवाणजी होतो. अक्षर वळणदार आणि बेरीज बिनचूक, एवढ्या भांडवलावर नातेवाईक मला अर्धा वकील समजत. उरलेला अर्धा मी स्वतः समजत असे.

आतोबा मुंबईला गिरणीत होते. तिथे त्यांनी चार वर्षांपासून दुसऱ्या बाईबरोबर संसार मांडला होता. हे कळल्यावर आत्या रडली नाही, मुंबईला धावली नाही. मे महिन्यात आतोबा गावी आले तेव्हा तिने त्यांना पाणी दिले, गूळ दिला आणि लिहून द्या म्हणाली. त्यांनी लिहून दिले. राहते घर आणि त्याच्या मागचे सोळा माड आत्याच्या हयातीपर्यंत तिच्याकडे. माडांचे उत्पन्न, वर्षाचे सुमारे दीडशे रुपये, हीच तिची पोटगी. तिने मुंबईला नांदायला जायचे नाही, त्यांनी इथे नांदायला यायचे नाही.

एका साक्षीदाराने कागद नोंदवून घ्या असे सुचवले. मी तिथल्या तिथे हिशेब केला: फी, लेखनिक, गाडीभाडे, साक्षीदारांचा चहा, मिळून अकरा रुपये. घरातल्या घरात नवरा-बायकोचा कागद, त्यावर अकरा रुपये घालायचे कशाला, असे मी म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. हा सल्ला माझा होता आणि तो चूक होता. पुढच्या नऊ वर्षांत मी तो कोणालाच आठवू दिला नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

शाई वाळायच्या आत आतोबांनी खरा प्रश्न काढला. "आणि गणपतीचा काय?"

त्यांच्या घराण्याचा गणपती त्याच घरात बसे आणि घराण्यात पुरुष माणूस आता ते एकटेच. आत्याने त्या क्षणापासून नवऱ्याशी सरळ बोलणे बंद केले. जे सांगायचे ते ती माझ्याकडे बघून सांगे.

"तेंका सांग, चतुर्थेक येवचा. गणपती माझ्या सासऱ्याचो. माझा भांडण ह्यांच्याशी आसा, गणपतीशी नाय."

"मग मी जेवतलंय खंय?"

"हयच. पण पावण्यांच्या ताटाचे पैशे पडतले. बाजारात खानावळवालो काय घेता रे?"

"आठ आणे," मी म्हणालो.

"आपण सा घेवया. वळखीचो माणूस."

मला वाटले ती रागाने बोलते आहे. पण भाद्रपदात आतोबा आले, पाच दिवस राहिले, शेजारीपाजाऱ्यांसमोर दोघांनी जोडीने पूजा केली. विसर्जन झाल्यावर आत्याने मला बोलावले आणि बोटांवर ताटे मोजली. तिला लिहिता येत नव्हते. तिच्या नारळांचा हिशेब मीच एका वहीत ठेवत होतो. त्याच वहीला उलटी करून मागच्या बाजूने मी नवे पान काढले. वही अर्धी कोरी पडणार हे दिसत असताना दुसरी विकत घेणे मला पटेना. मथळा घातला, 'पाहुणे', आणि खाली लिहिले: ताटे दहा, दर सहा आणे, मोदक जादा चार, एक आणा. आतोबांनी निमूट पैसे मोजले.

दुसऱ्या वर्षी वाद झाला.

"अकरा खंयची? धा ताटां. पंचमीच्या राती माझा पोट बिघडलेला, मी जेवलंय खंय?"

"तेंका सांग," आत्या मला म्हणाली, "बिघडला ता जेवल्यावर."

साडेदहा ताटांवर मिटले. मी कागदोपत्री माणूस, मला तोंडी तंटे चालत नाहीत. त्या वर्षापासून मी ताटांच्या आकड्याखाली आतोबांची सही घेऊ लागलो. तेही आकडा दोनदा वाचून मगच सही करत.

चार चतुर्थ्या अशा गेल्या. नारळ आत्या बाजारातल्या एका वखारवाल्या शेटना घाली. ते सुक्या खोबऱ्याचा व्यापार करत आणि गरजूंना उसने पैसेही देत. त्यांचा गडी येई, नारळ मोजून नेई आणि शेट स्वतः पैसे आत्याच्या हातावर ठेवत. त्याची नोंद वहीच्या पुढच्या बाजूला.

१९५५ च्या चतुर्थीनंतर दोन महिन्यांनी शेटचा गडी न सांगता आला आणि सरळ माडावर चढला. आत्या मागच्या दारी भांडी घाशीत होती.

"कोणी सांगलान रे तुका चढूक?"

"शेटनी. माड शेटचे झाले."

आत्याने कोयता आणला, माडाच्या बुंध्याशी पाट मांडला आणि वर बघत बसली. "तू वर आसंस, मी खाली आसंय. उतरतलंस केव्हा ता बगतंय."

तो तासाभराने उतरला. नारळ तिथेच टाकून आणि आत्याला आई म्हणून.

मी दुसऱ्या दिवशी वखारीत गेलो. शेटनी मला बसायला बाकडे दिले, पान दिले आणि मग पेटीतून कागद काढला. आतोबांनी घर आणि सोळा माड आठशे रुपयांना कब्जेगहाण टाकले होते, म्हणजे पैसे फिटेपर्यंत ताबा शेटचा आणि व्याजाऐवजी नारळही त्यांचेच. मुंबईत खोलीच्या पागडीसाठी पैसे हवे होते म्हणे. तारीख बघून माझे पान तोंडातच राहिले. चतुर्थीचा तिसरा दिवस. सकाळी जोडीने पूजा, दुपारी कचेरीत सही, संध्याकाळी आरती आणि रात्री सहा आण्यांचे ताट.

"तिच्या पोटगीचे माड आहेत हे तुम्हाला माहीत होते," मी म्हणालो. "पैसे तुम्ही तिच्याच हातात देत होता."

"दिवाणजी," शेट शांतपणे म्हणाले, "माझो कागद नोंदलेलो आसा. तुमचो?"

मी पान थुंकायला बाहेर गेलो आणि परत आत गेलो नाही.

शेटनी ताब्यासाठी दावा लावला. दाव्यात दुसरे काही नव्हते: आत्याने घराबाहेर व्हायचे की नाही, एवढेच. ती पंचेचाळीस वर्षांची होती, मूल नाही, माहेरी माझे वडील वारलेले. माझ्या दोन खोल्यांत आम्ही सहा माणसे. मी तिला म्हणालो, तशी वेळ आली तर आमच्याकडे चल. ती म्हणाली, "तुझ्याकडे? थंय ताटाक किती पडतत?"

तरीही १९५६ च्या चतुर्थीला आतोबा आले. मला वाटले, ती दारातूनच घालवून देईल. तिने पूजेची तयारी केली, शेजारी बसली, आणि ताटाचा दर आठ आणे केला. आतोबा कुरकुरले. "तेंका सांग," ती म्हणाली, "गहाणाचो दर." त्यांनी सही केली.

तालुक्याच्या कोर्टात आमचे म्हणणे दोन गोष्टींवर उभे होते. नवरा-बायको खरोखर वेगळी राहतात, म्हणून तिला पोटगीचा हक्क आहे. आणि शेटना ते ठाऊक होते. दुसरी गोष्ट दाखवायला आमच्या वकिलांनी वहीतल्या नारळांच्या नोंदीचे उतारे दाखल करायला काढले. शेटच्या वकिलांनी हरकत घेतली. उतारे नकोत, भाच्याने पाने मागाहून घुसडली असतील, पूर्ण वही दाखल करा. मी सात वर्षे जपलेली वही शिक्का मारून घेतली गेली आणि पुराव्यात तिला नंबर पडला: निशाणी एकतीस.

वही उलटी केली की काय दिसते हे मी आमच्या वकिलांना सांगितले नव्हते. कारण साधे आहे, मला लाज वाटत होती. गणपतीच्या दिवसांत आमची बाई नवऱ्याकडून मोदकांचे पैसे घेते हे भर कोर्टात वाचले गेले तर बाजारात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असा माझा हिशेब होता.

आत्या साक्षीला उभी राहिली. शेटचे वकील पुणेरी वळणाची मराठी बोलत.

"बाई, गणेशचतुर्थीला तुमचे यजमान दरवर्षी येतात?"

"येतत."

"त्याच घरात राहतात?"

"मग काय गोठ्यात ऱ्हवतले?"

"पूजेला तुम्ही त्यांच्या शेजारी बसता? त्यांच्या हाताला हात लावता?"

"लावूक लागता. भटजी सांगतत."

"म्हणजे तुम्ही नवरा-बायको म्हणून वागता."

"आमी नवरा-बायकोच आसंव. ता तुम्ही माका कित्याक सांगतास?"

वकील खाली बसले. त्यांना हवे ते मिळाले होते. आता कोणी म्हणेल की तिने एक वर्ष शेजारी बसायचे नव्हते, निदान दावा चालू असताना तरी. आमच्याकडे हे कोणाला सुचलेच नाही. नवरा सोडता येतो, घर गहाण पडते, पण चतुर्थीचे पाट एकाला एक लागून मांडायचे ते मांडायचेच. मलाही सुचले नाही, आणि मी तर वकिली डोक्याचा.

१९५८ मध्ये निकाल विरुद्ध गेला. मुंबईला नोकरी करणारा कोणीही माणूस सणालाच गावी येतो, हाही तसाच येतो आणि बायकोबरोबर पूजा करतो. दोघे विभक्त नाहीत. वेगळेपणाचा कागद नोंदलेला नाही आणि तो सावकारांना चुकवण्यासाठी केलेला दिसतो. सबब घराचा आणि माडांचा ताबा वादीला द्यावा.

आत्याने निकाल पूर्ण ऐकून घेतला आणि विचारले, "ह्याच्यावर कोण आसा?"

"रत्नागिरीचे जिल्हा कोर्ट."

"मग थंय जावया."

अपिलाला पहिल्या झटक्यात शहाण्णव रुपये लागले. तिने तांब्याचा हंडा आणि दोन घागरी विकल्या. वरून धामापूरच्या भगवतीला नवस बोलली, पण हातचे राखून: घर राहिले तर नारळ, खर्चासकट निकाल लागला तरच लुगडे. देवीशी इतका स्वच्छ करार केलेला मी दुसरा पाहिला नाही. ताब्याला स्थगिती मिळाली आणि आम्ही तारखांवर तारखा घेत बसलो.

सुनावणी १९६० च्या जानेवारीत लागली. आत्या आणि मी मालवणहून बोटीने रत्नागिरीला गेलो. बोटीत मला ओकारी लागली आणि आत्या सगळ्यांना सांगत होती की हा आमचा वकील. रत्नागिरीत खरे वकील दुसरे केले होते. ते हुशार होते, पण त्यांचा सगळा भर नारळांच्या पानांवर. आमच्या आदल्या प्रकरणात एक बाई नवऱ्याकडे परत जायला तयार नव्हती आणि नवरा तिच्या बारा साड्या परत द्यायला तयार नव्हता. ते ऐकताना आत्या मला म्हणाली, "आमचा बरा. आमची लुगडी माझ्याकडेच आसत."

आमचा पुकारा झाला. न्यायाधीश वयस्कर होते, प्रत्येक पान उलटताना बोट जिभेला लावत. आमच्या वकिलांनी वही बघावी अशी विनंती केली. शिरस्तेदाराने निशाणी एकतीस उचलून वर दिली, ती उलटी. न्यायाधीशांनी ती मागून उघडली आणि वाचू लागले. मला काय झाले ते लगेच कळले. मी पंख्याकडे बघू लागलो.

"'पाहुणे,'" त्यांनी मोठ्याने वाचले. "'ताटे दहा, दर सहा आणे, मोदक जादा चार, एक आणा.' हे पाहुणे कोण?"

आमच्या वकिलांनी माझ्याकडे बघितले. मी त्यांच्या कानात सांगितले. त्यांचा चेहरा आधी पडला आणि मग हळूहळू उजळला.

"बाईंचे यजमान, साहेब."

"स्वतःच्या घरी नवरा जेवणाचे पैसे देतो?"

"दरवर्षी, साहेब."

"आणि खाली या सह्या त्यांच्या?"

"त्यांच्याच. गहाणखतावरच्या सहीशी ताडून पाहावे."

शेटचे वकील उठले. ही पाने वादाचा विषय नाहीत, असे म्हणाले. न्यायाधीशांनी खालच्या कोर्टाचे कागद चाळले. "पूर्ण वही दाखल व्हावी असा अर्ज आपलाच दिसतो." वकील बसले, मग पुन्हा उठले. "साहेब, ही रक्कम लटकी असेल. हिशेब कोर्टाला दाखवण्यासाठी बनवला असेल."

"कोर्टाला दाखवण्यासाठी बनवणारा," न्यायाधीश म्हणाले, "साडेदहा ताटे लिहील असे मला वाटत नाही." पुढच्या पानावर त्यांचे बोट थांबले. "१९५६ साली दर आठ आणे झालेला दिसतो. का?"

कोणी उत्तर द्यायच्या आत आत्या मागच्या बाकावरून उठली. "म्हागाई, साहेबांनू."

कोर्टात हशा पिकला. पट्टेवाल्याने तिला खाली बसवले. बोटीतून परत येताना ती मला म्हणाली, "तू ह्या आदी कित्याक नाय सांगलंस?" लाज वाटली, असे मी सांगितले. "लाज?" ती म्हणाली. "पैशे मी घेतलंय, जेवलो तो, आणि लाज तुका?"

निकाल फेब्रुवारीत लागला. नक्कल मी अडीच रुपये भरून आणली. नोंदलेला नसल्यामुळे आमच्या कागदाने माडांवर किंवा घरावर कसलाही हक्क निर्माण होत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ते वाक्य मी आत्याला वाचून दाखवताना जरा भरभर वाचले. पण दोघे केव्हा आणि कसे वेगळे झाले हे समजण्यापुरता तो कागद वाचता येतो. सणाला एका पाटाच्या शेजारी दुसरा पाट मांडणे हा कुळाचार आहे, तो म्हणजे नांदणे नव्हे. घरात नांदणारा नवरा ताटांची संख्या तपासून पैसे देत नाही. तेव्हा दोघे विभक्त आहेत आणि पोटगी बाईंना कायद्यानेच मिळते, कागदाने नव्हे. वादी चार वर्षे नारळांचे पैसे बाईंच्या हाती देत होता, तेव्हा त्याला हे ठाऊक होते. गहाण कायम, पण बाई हयात असेपर्यंत घर आणि माडांचे उत्पन्न त्यांच्याकडे राहील, वादीला ताबा मागता येणार नाही. अपिलाच्या खर्चापैकी एकशे साडेबारा रुपये वादीने बाईंना द्यावेत.

भगवतीला लुगडे गेले. सात रुपये बारा आणे, म्हणजे नव्या हिशेबाने सात रुपये पंचाहत्तर. आत्याने जरीचा काठ घेतला नाही. सगळा खर्च मिळाला नव्हता ना.

घर राहिले, पण आत्याच्या मरणापर्यंतच. तिच्यामागे ते शेटचे. ही गोष्ट तिला टोचत होती आणि शेटना दुसरी गोष्ट टोचत होती. आठशे रुपये अडकले, व्याज म्हणून मिळायचे नारळ गेले, आणि बाई धडधाकट. मे महिन्यात ते स्वतः चालत आले. ओटीवर बसले. मीही होतो.

"बाये, तू माझे पैशे दी, मी गहाण सोडतंय. सगळे नको. साशे दी."

"शेट, तुमचा वय काय?" आत्याने विचारले.

"अठ्ठावन्न."

"माझा एकूणपन्नास. दम्याचा कसा आसा तुमच्या?"

"बरो आसा," शेट म्हणाले आणि खोकले.

"माझी आवस नव्वद वर्सां जगली. माका अजून चाळीस व्हयी. तुमी किती धरलास?"

शेट पाचशेवर आले. आत्याने त्यांना शहाळे फोडून दिले, शेटनी ते मागून घेतले नव्हते. शहाळे पिऊन झाल्यावर ते चारशेवर आले. मग आत्या त्यांच्या मुलांच्या चौकशीला लागली: थोरला वखार बघतो का, धाकटा मुंबईला गेला तो परत येतो का, शेटच्या मागे चाळीस वर्षांनी हे सोळा माड मोजायला येणार कोण. तीनशे पंचाहत्तरला सौदा ठरला. त्यातून कोर्टाने ठरवलेले एकशे साडेबारा वजा. बाकी दोनशे बासष्ट रुपये पन्नास पैसे. हे मी तोंडी केले आणि शेटनी दोनदा पडताळून पाहिले.

इथे मला वकिली करायची शेवटची संधी मिळाली आणि ती मी दवडली नाही. गहाण सोडू नका, मी म्हणालो, ते आत्याच्या नावे करून द्या. आठशे रुपयांचे गहाण जसेच्या तसे, फक्त सावकार बदलला. शेटना त्यात काही तोटा नव्हता. ते माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले. कागद या वेळी नोंदवला.

आत्याने एक पाटली मोडली, त्याचे दोनशे एकतीस आले. उरलेले साडेएकतीस नारळांच्या पैशातले.

भाद्रपदात आतोबा आले. त्यांना निकालाचे कोणीतरी कळवले होते, पुढचे नाही. मी त्यांना ओटीवर बसवून नवा कागद वाचून दाखवला. त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा वाचला.

"म्हणजे माझा घर बायलेकडे गहाण?"

"हो."

"आणि आठशे रुपये मी हिका देवचे?"

"व्याज धरले नाही अजून," मी म्हणालो.

आत्या आत दुर्वा निवडत होती. तिथूनच ओरडली, "तेंका सांग, पैशे हाडले आसतीत तर देवा आणि घर सोडवून घेवा. नाय तर पाटार येवन बसा. भटजींका दुसऱ्या घरात जावचा आसा."

आतोबा पाटावर जाऊन बसले. ती शेजारी बसली आणि भटजींनी सांगितल्यावर त्यांच्या हाताला हात लावला.

त्यांनी ते आठशे रुपये दिले नाहीत, आणि तिने कधी दावा लावला नाही. या सगळ्या प्रकरणात शेवटी हातातून हातात गेले ते दोनशे बासष्ट रुपये पन्नास पैसे. दिले आत्याने, घेतले वखारवाल्या शेटनी, २१ मे १९६० रोजी, आत्याच्या ओटीवर, माझ्यासमोर. पावती माझ्याकडे आहे.